पाकीट उलटं करू नये

तरुण मित्रमैत्रिणींनो, मोबाइल घेताना तुम्ही तीन-तीन फोनचे तक्ते शेजारी मांडून रात्र जागवता, हे मी पाहिलंय. तेवढे कष्ट पोटासाठी अजिबात घेऊ नका. खाण्याच्या पाकिटाची पुढची बाजू पुरते. तिच्यावर हिरवं पान असतं, डुलणारं कणीस असतं, ठळक अक्षरांत 'मल्टीग्रेन' असतं. याचा अर्थ एकापेक्षा जास्त धान्यं, बस. ती अख्खी आहेत असा शब्द कुणीच दिलेला नाही, पण तुम्ही तसं समजून घ्या. समजूतदार आहातच.

चुकून पाकीट उलटं झालंच, तर घटकांची यादी खालून वर वाचावी. ती वजनाच्या उतरत्या क्रमाने लावलेली असते. वरून वाचली की मैदा, साखर, पाम तेल अशी मंडळी आधी भेटून मूड घालवतात. खालून आलात तर पुढच्या चित्रातला मध लगेच सापडतो. मिठाच्याही मागे उभा असेल बिचारा, पण आहे ना?

साखर शोधायच्या फंदात पडू नका. ती बहुरूपी. ग्लुकोज सिरप, डेक्स्ट्रोज, इन्व्हर्ट सिरप, फळांच्या रसाचं कॉन्सन्ट्रेट अशी सोंगं घेऊन यादीत चार ठिकाणी बसते. एकत्र मोजली असती तर कदाचित पहिला नंबर लागला असता; विखुरल्यामुळे प्रत्येक सोंग खाली सरकतं. तुम्हाला घाबरायचंच असेल तर ई-३०० ला घाबरा. काय भयंकर केमिकल! (ते क जीवनसत्त्व असतं, हे मित्रांना सांगू नका. चर्चेतली मजा जाते.)

आता खरी कला: सर्व्हिंग, म्हणजे एका वेळी खायचं, पाकिटावर छापलेलं माप. परवा रात्री मालिका बघताना मी एका बिस्किटाच्या पाकिटावरचा तक्ता मोबाइलचा टॉर्च लावून वाचला. सर्व्हिंग २५ ग्रॅम, म्हणजे दोन बिस्किटं. साखर ७ ग्रॅम. वा, किती संयमी! पाकीट १५० ग्रॅमचं, म्हणजे सहा सर्व्हिंग. हा गुणाकार मी भाग संपल्यावर केला, तोवर पाकीटही संपलं होतं. ४२ ग्रॅम. चहाचा चमचा साधारण ४ ग्रॅमचा धरला तर साडेदहा चमचे. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, २००० कॅलरींच्या आहारात मोकळी साखर (म्हणजे वरून घातलेली, शिवाय मध, सिरप आणि फळांच्या रसातली) दिवसाला ५० ग्रॅमच्या आत ठेवा, जमल्यास २५ च्या. त्यांना सांगा, आम्ही दोनच बिस्किटं खाल्ली. सहा वेळा.

दोन पाकिटांची तुलना करायची हुक्की आली, तर 'दर १०० ग्रॅम'चा रकाना टाळावा. तिथे सगळे एकाच मापात येतात आणि कुणालाच लपता येत नाही. मिठाच्या जागी सोडियम लिहिलेलं असेल तर आनंद माना. २.५ ने गुणलं की मीठ निघतं, म्हणजे ८०० मिलिग्रॅमचे २ ग्रॅम होतात, आणि दिवसाची मर्यादा ५ ग्रॅमच्याही आतली. पण गुणाकाराचा छंद आपल्याला नाही, हे वर ठरलंच आहे.

शेवटचं तंत्र अनुभवाचं. पाकीट मागच्या जोडाकडून, तक्त्याच्या मधोमध फाडावं. माझ्या हातून आपोआपच तसं फाटलं: 'साखर' एका तुकड्यावर राहिली, '७ ग्रॅम' दुसऱ्यावर, आणि दुसरा तुकडा सोफ्याखाली गेला.