पाच मिनिटांचं काम म्हणे!

लग्नसराई आली की जळगाव-भुसावळकडच्या समस्त नातेवाइकांना माळ्यावरच्या जुन्या व्हिडिओ कॅसेटी आठवतात. पिशवी थेट माझ्या दारात. "आमच्या लग्नाची आहे रे भो, पेनड्राइव्हमध्ये टाकून दे. पाच मिनिटांचं तर काम!"

अहो नाना, तीन तासांची व्हीएचएस कॅसेट उतरवायला तीन तासच लागतात! तिथं कॉपी-पेस्ट नसतं. कॅसेट चालवणारा व्हीसीआर चालू, चित्र कॉम्प्युटरात घेणारं कॅप्चर कार्ड जोडलेलं, आणि आपण तीच वरात, तोच बँड, पंगतीत वरण-बट्टी वाढणारे तेच मामा बघत बसायचं. मध्येच लाइट गेली की करा रिवाइंड.

त्यात निम्म्या कॅसेटींना पांढरी बुरशी. एक फिरवली की व्हीसीआरचं टेप वाचणारं हेड घाण. ते पुसून चित्र आणावं, तर ओठ पुढे आणि आवाज मागे. बरं, नवा व्हीसीआर आणू कुठून? शेवटपर्यंत तग धरलेल्या जपानच्या फुनाई कंपनीनंही २०१६ मध्ये उत्पादन थांबवलं. आता भंगारवाल्यांची मनधरणी.

एवढं करून फाइल दिली की, "अंधुक दिसतंय, फोर-के कर ना!" अरे, आपल्या जुन्या टीव्हीच्या पाल पद्धतीत चित्राच्या ओळीच मुळात ५७६, आणि व्हीएचएस त्यातलेही बारीक तपशील खाते. टेपवर नाहीच ते मी कुठून आणू?

उद्या जिजी जावळाची कॅसेट आणणार आहेत. छोट्या कॅमेऱ्यातली आहे म्हणे. म्हणजे ती व्हीसीआरमध्ये तशीच बसणार नाही. आता आधी तसला कॅमेरा शोधा!