उड्या तारेवरच्या, संगणकावरच्या नाहीत

‘ड्रॅगन टायगर गेट’ (२००६) या मारामारीच्या सिनेमावरच्या लेखात तो जपानी मांगावर, म्हणजे तिकडच्या चित्रकथेवर, बेतल्याचं म्हटलंय. तसं नाही. मूळ चित्रकथा हाँगकाँगची, वोंग युक-लाँग यांची, १९७० पासूनची. नायकांची कपाळावरून डोळ्यावर येणारी ती झुलपं (मारामारीत नडत कशी नाहीत, देव जाणे!) तिथूनच आलीत.

आणि ‘सगळ्या उड्या संगणकावरच्या’ हे लेखातलं म्हणणंही पटलं नाही. अशा उड्यांसाठी कपड्यांखाली हार्नेस (अंगाला आवळलेला पट्टा) असतो, कमरेच्या दोन्ही बाजूंना तारा, त्या वरच्या कप्पीवरून जातात आणि दुसऱ्या टोकाला माणसं दोर ओढतात. संगणकाचं काम नंतर, तारा पुसण्यापुरतं. खरी गोम ओढण्याच्या वेळेत आहे. नटाने स्वतः जमीन सोडण्याआधी दोर ओढला तर कंबर आधी वर जाते, पाय लोंबकळतात, माणूस पोत्यासारखा दिसतो. उशीर झाला तर उडी हवेतच अडखळते.

जपानी हॉटेलातली मारामारी पुन्हा बघा. कॅमेरा छतावरून खाली बघत खोल्यांवरून सरकतो. वरून बघताना हुकलेला ठोसा लपत नाही. एरवी कॅमेरा ठोशाच्या रेषेत ठेवून मधलं अंतर झाकतात, इथे ती सोय नाही. ॲक्शनची आखणी सिनेमातला नट डॉनी येन याचीच आहे. कथा मात्र यथातथाच.