म्हणे रविवार बघितला नाही!

सकाळी सकाळी नात्यातल्या ग्रुपवर एक रील आलं. लोअर परळच्या काचेच्या ऑफिसात बसलेला कोटवाला सांगतोय, "आपल्या आजोबा-पणजोबांनी रविवार बघितला नाही, कधी कुरकुर केली नाही, म्हणून ही मुंबई उभी राहिली." खाली अंगठ्यांची रांग. त्यातले निम्मे अंगठे गिरणी कामगारांच्या पोरांचे! डोकंच फिरलं माझं.

कुरकुर केली नाही? अहो, दुसरं केलं काय त्यांनी?

१८५६ ला ताडदेवला कावसजी दावरांची, मुंबईतली पहिली सूतगिरणी सुरू झाली. पुढची कित्येक वर्षं उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत काम, आठवड्याची सुट्टी नाही. १८८१ चा कायदा आला, तो फक्त पोरांपुरता. सात वर्षांखालचं मूल कामाला नको, म्हणजे सात वर्षांचं पोर नऊ तास राबलेलं कायद्याला चालत होतं. मोठ्या माणसाच्या तासांबद्दल त्यात अक्षर नाही. कामगारांचे पुढारी नारायण मेघाजी लोखंड्यांनी १८८४ मध्ये सभा घेतल्या, साडेपाच हजार कामगारांच्या सह्या गोळा केल्या. मागत काय होते? रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, पगार वेळेवर, कामात जखमी झाला तर भरपाई. आज हे मागण्यासारखंही वाटत नाही, इतकं साधं. त्यासाठी सहा वर्षं गेली. एप्रिल १८९० च्या सभेला दहा हजार कामगार जमले, दोन बाया उभं राहून बोलल्या, आणि १० जूनला मालकांनी रविवार दिला. दिला म्हणजे द्यावा लागला.

लँकेशायरच्या गिरणीवाल्यांना मुंबईचं स्वस्त कापड खुपत होतं, म्हणून तेही इथल्या कारखाना कायद्यासाठी लंडनमध्ये ओरडत होते. बरं, मान्य. त्याने लोखंड्यांच्या सह्या खोट्या ठरत नाहीत.

माझी आजी, आईची आई, लालबागला खाणावळ चालवायची. एका खोलीत. गावाकडून एकटे आलेले पुरुष महिन्याच्या बोलीवर जेवायला. पहिली पाळी, दुसरी पाळी, रातपाळी, म्हणजे स्टोव्ह थंड व्हायचा तो फक्त घासलेट संपलं तर. आणि रविवारी? रविवारी मटण. सुट्टीचा दिवस म्हणून सगळे निवांत बसून दोन भाकऱ्या जास्त खाणार. लोखंड्यांनी मिळवलेला रविवार हा आजीचा सगळ्यात मरणाचा दिवस. हे कोटवाल्याला कुठून माहीत असणार? खरं सांगायचं तर आपल्या युनियनवाल्यांच्या भाषणांतही ही बाई कधी आली नाही. तिचा ना हजेरीपट, ना पास, ना ग्रॅच्युइटी. १९७५ मध्ये प्रेमा पुरवांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, खाणावळवाल्या बायकांना बँकेचं कर्ज मिळायला लागलं, तेव्हा कुठे त्या कुणाच्या तरी हिशेबात आल्या. त्याआधी सावकार आणि वाण्याची उधारी.

रविवार मिळाला म्हणून सगळं झालं असंही नाही. गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि अंधार पडला की घरी जायची सोयही गेली. चौदा-पंधरा तास. १९११ च्या कायद्याने पुरुषांसाठी बारा तासांची हद्द घातली, आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांवर, म्हणजे दिवसाला आठांवर, यायला १९४६ उजाडलं. प्रत्येक तासामागे संप आहे. १९२८ चा संप सहा महिने चालला. आणि हो, "कामगारांची एकजूट" म्हणून गळा काढायच्या आधी हेही ऐका: जास्त पगाराच्या विणखात्यात दलित कामगारांना घेत नसत, कारण धोट्यातला, म्हणजे मागावर आडवा धागा नेणाऱ्या नळीतला, धागा तोंडाने ओढावा लागे आणि बाकीच्यांना विटाळ होई. बाबासाहेबांनी त्या संपाच्या वेळी हा प्रश्न लावून धरला. तेव्हा बऱ्याच पुढाऱ्यांना तो अडचणीचा वाटला. आपल्याच माणसांचं हे, काय बोलणार.

आता येणार कुणीतरी कमेंटमध्ये, "संपानेच गिरण्या बुडाल्या." माहीत होतं. १८ जानेवारी १९८२, अडीच लाख माणसं बाहेर, आणि तो संप अधिकृतपणे कधी मागेच घेतला गेला नाही. संपाचे पुढारी डॉक्टर दत्ता सामंतांनी ताणलं, थोडं आधी थांबायला हवं होतं, हे आमच्या घरीही बोललं जायचं. पण यंत्रं जुनी ठेवून नफा दुसरीकडे वळवणारे, नंतर जमिनीवर डोळा ठेवणारे, ते कुणी संपवाले नव्हते. गिरणीच्या जागेवर नवं बांधायचं तर एक तृतीयांश जमीन घरांसाठी, एक तृतीयांश शहराला, असं १९९१ च्या नियमात होतं. २००१ मध्ये नियम असा फिरवला की वाटणी फक्त मोकळ्या जागेची. गिरणी ज्या जागेवर उभी ती सगळी मालकाची. ह्याला मात्र कुणी कुरकुर म्हणत नाही. 

संपात आजीने उधारीवर जेवू घातलं. वही होती तिची, लाल पुठ्ठ्याची. पहिले काही महिने सगळ्यांना, मग अर्ध्यांना, मग मंगळसूत्र गहाण पडलं. ती काही संत नव्हती हो. गावी निघून गेलेल्या आणि पैसे न पाठवलेल्या माणसांना ती अशी शेलकी नावं ठेवायची की इथे लिहिता येणार नाहीत. कुणी परत येऊन चुकते केले, बऱ्याच जणांनी नाही. त्यांच्याकडे तरी होतं काय? हे ती स्वतःच म्हणायची आणि पुढच्या वाक्यात परत शिव्या.

राग थोडा उतरलाय आता, लिहिता लिहिता. अंगठे दिलेल्यांवर तर नाहीच आहे. मामा, तुम्हीही दिलात, पाहिलं मी. तुम्ही त्या खोलीतच वाढलात.

ती वही आजी गेल्यावर रद्दीत गेली म्हणे, कुणाच्या लक्षात नाही. तुमच्या घरी गिरणीचा पास, पगाराची चिठ्ठी, खाणावळीचा हिशेब असं काही असेल तर फोटो काढून कमेंटमध्ये टाका. नावं झाका हवं तर. आणि तुमच्या आजीचं रविवारचं काम काय असायचं, तेही लिहा.