कॅमेऱ्यासमोरची धिंड

पुण्यात कोयता गँगच्या पोरांची त्यांच्याच वस्तीतून पोलिसांनी धिंड काढली, की तो व्हिडिओ आमच्या घरच्या ग्रुपवर येतोच. मागे दणदणीत गाणं, खाली टाळ्या. मी कुरकुरलो तर आतेभावाने सुनावलं, "दादा, तुमच्या अमेरिकेत हे टीव्हीवर दाखवतात. मग आम्हीच काय घोडं मारलंय?"

दाखवतात, खरं आहे. पोलिसांच्या मागे कॅमेरा घेऊन फिरणारा 'कॉप्स' हा कार्यक्रम १९८९ साली फॉक्स या चॅनेलवर सुरू झाला. नट नकोत, पटकथा नको; लेखकांचा संप नुकताच सोसलेल्या चॅनेलला असा स्वस्त माल हवाच होता. पाठलाग, झटापट, बेड्या. गुन्हा सिद्ध होईपर्यंत सगळे निर्दोष, अशी एक ओळ आधी ऐकवायची आणि मग ती विसरायला लावायची. छापा घालताना पोलिसांनी पत्रकारांना कुणाच्या घरात नेणं घटनाबाह्य, असं अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने १९९९ मध्ये ठरवलं. रस्त्यावर मात्र मोकळं रान राहिलं.

मी टेक्सासमध्ये ऑस्टिनच्या उत्तरेला, विल्यमसन काउंटीत राहतो. आमच्या शेरीफच्या, म्हणजे काउंटीच्या पोलिसप्रमुखाच्या, खात्याचा 'लाइव्ह पीडी' या तशाच पोलिसी कार्यक्रमाशी करार होता. मार्च २०१९ मध्ये समोरून येताना हेडलाइट कमी केला नाही, एवढ्यावरून एका गाडीचा पाठलाग सुरू झाला. शेवटी गाडीतल्या ४० वर्षांच्या कृष्णवर्णीय माणसाला टेझरचे, म्हणजे विजेच्या बंदुकीचे, झटके दिले. हृदयाचा आजार आहे, श्वास घेता येत नाही, असं तो सांगत होता. तो गेला. कार्यक्रमाचा कॅमेरा तिथे हजर होता, पण ते चित्रण कधी दाखवलं गेलं नाही आणि पुढे पुसून टाकलं गेलं. जून २०२० मध्ये, पोलिसाच्या गुडघ्याखाली जीव गेलेल्या जॉर्ज फ्लॉइडवरून देश पेटलेला असताना, हे बाहेर आलं आणि कार्यक्रम गुंडाळला. शेरीफच्या हाताखालच्या दोघा डेप्युटींवर खटला चालला; २०२४ मध्ये ते निर्दोष सुटले. ज्यूरीला पोलिसांच्या अंगावरच्या कॅमेऱ्याचं चित्रण पाहता आलं, टीव्हीवाल्यांचं उरलंच नव्हतं.

बरं, अमेरिका यातून शिकली म्हणावं, तर तसंही नाही. २०२२ मध्ये तोच सूत्रधार दुसऱ्या चॅनेलवर 'ऑन पेट्रोल: लाइव्ह' घेऊन परतला.

रात्री कोयते नाचवत गाड्या फोडणारी पोरं ज्याच्या दारात असतात, त्याच्या रागाला मी इथून काय शहाणपण शिकवणार? त्याला ती आत गेलेली हवीत, मलाही. पण धिंडीच्या व्हिडिओतही काय ठेवायचं आणि काय कापायचं, हे पोलिस किंवा त्यांच्या मर्जीतला मोबाइलवालाच ठरवतो. शिवाय आरोपीचा चेहरा झाकून नेण्याची आपली जुनी रीत उगाच नव्हती: साक्षीदाराने त्याला ओळखपरेडीत ओळखायचं असतं. तोच चेहरा आधी घरोघरच्या मोबाइलवर फिरला, तर त्या परेडीला काय किंमत? बचावाचा वकील तो व्हिडिओ कोर्टात लावेल, गाण्यासकट.