काका, हात सैल सोडा

४२व्या वर्षी गिटार घेतली तेव्हा घरी छातीठोकपणे सांगितलं होतं की तीन महिन्यांत एक अख्खं गाणं वाजवून दाखवतो. आता आठवा महिना चालू आहे आणि मी अजून एक-दोन-तीन-चारच वाजवतोय, म्हणजे तर्जनी, मधलं बोट, अनामिका, करंगळी, एकेका तारेवर चार फ्रेटवर (दांडीवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) ओळीने, सहाही तारा खाली जायच्या आणि परत वर यायच्या. बायको म्हणते, बालवाडीत पण आठ महिन्यांत पाच येतात.

आमचा सर २३ वर्षांचा. मला काका म्हणतो आणि दर दीड मिनिटाला एकच पालुपद, "काका, डावा हात रिलॅक्स." आता कोणी रिलॅक्स म्हटलं की माझा खांदा कानाला जाऊन चिकटतो, दात आवळले जातात आणि करंगळी चहा पिणाऱ्या साहेबासारखी हवेत.

पण त्या हाताची पण बाजू ऐका ना. १६ वर्षं डोंबिवली ते सीएसएमटी, सकाळची फास्ट, दारातला मधला दांडा याच हाताने धरलाय. त्याला आयुष्यात एकच शिक्षण मिळालंय, सुटलं की गेलास. अशा हातात गिटारचा नेक, म्हणजे दांडी, दिली तर तो दुसरं काय करणार, ठाण्याची गर्दी आत घुसतेय असं समजून अंगठा मागून रुतवतो.

सरने मग एक प्रकार दाखवला. बोट फ्रेटच्या अगदी मागे नुसतं टेकवायचं आणि तार छेडायची, टक् असा मेलेला आवाज येतो. मग हळूहळू दाब वाढवायचा, आधी तार झर्र करते आणि एका क्षणी स्वच्छ सूर लागतो, की तिथेच थांबायचं, त्यापुढचा सगळा जोर फुकट. मी करून बघितलं आणि खरं सांगू का, अपमान झाल्यासारखं वाटलं. एवढासा जोर? आमच्या दाराच्या बेलला जास्त लागतो! वर सर म्हणतो जास्त दाबलं तर तार ताणली जाऊन सूर चढतो, म्हणजे बोटांना घट्टे पाडून मी आठ महिने मेहनतीने बेसूर वाजवत होतो.

उजव्या हाताची वेगळीच तऱ्हा. अल्टरनेट पिकिंग म्हणजे पिक (तार छेडायची छोटी चकती) खाली-वर-खाली-वर, तार बदलली तरी क्रम मोडायचा नाही. माझं पिक खाली मजेत जातं, वर येताना मात्र रिटर्न भाडं नको म्हणणाऱ्या रिक्षावाल्यासारखं तारेतच अडून बसतं. हे मिरजेच्या मामाला फोनवर सांगितलं. मामा तरुणपणी सतार शिकलाय आणि मिरजेत सतारी बनतात त्यामुळे तारेच्या कुठल्याही वाद्यावर बोलायचा त्याला जन्मसिद्ध हक्क आहे. म्हणाला, "अरे दा रा दा रा, मिजराब आत, मिजराब बाहेर, झालं! एवढ्याचे तो पोरगा पैसे घेतो?" (दा रा म्हणजे सतारीचे बोल, मिजराब म्हणजे बोटात घालायची तारेची नखी.)

तेव्हापासून मेट्रोनोम, म्हणजे ठरलेल्या वेगाने टकटक करणारं यंत्र, मिनिटाला ६० टोल्यांवर लावून एका टोल्याला चार सूर, मनात दा रा दा रा म्हणत वाजवतो आणि चालतं की हो. ७० ला चालतं, ८० ला पण. ८४ ला डावा हात परत गाडीत चढतो.

मागच्या मंगळवारी तर कमालच झाली. दारात उभा होतो आणि लक्षात आलं की बोटं आपोआप दांड्यावर एक-दोन-तीन-चार करतायत, अंगठा नुसता टेकलेला, मनगट सैल, खांदा खाली, करंगळीसुद्धा शहाण्यासारखी जवळ. सर बघायला हवा होता. तेवढ्यात कोपरच्या पुढे गाडीने ब्रेक मारला आणि मी थेट मागच्याच्या पोटावर.

"ओ काका, घट्ट धरा ना! हात काय सैल सोडताय?"