विरणारा स्वर आणि एकटी नर्तकी : एका प्रतिक्रियेला उत्तर

स. न. वि. वि.

कोल्हापूरच्या शाहू स्मारक भवनातील एकल बॅलेवरच्या (एकाच नर्तकीने सादर केलेल्या पाश्चात्त्य नृत्यावरच्या) माझ्या लेखाला आपण सविस्तर प्रतिक्रिया दिलीत, याबद्दल आभारी आहे. आपले म्हणणे असे की, या नृत्यात ना कथा होती ना चेहऱ्यावर भाव. पोलिश संगीतकार शोपाँची ती पियानोरचना बसून ऐकण्याची आहे, नाचण्याची नव्हे. आणि शोकच मांडायचा होता तर तो पेटीवर, आपल्या एखाद्या रागात अधिक भिडला असता.

शोपाँवर नाचण्याची प्रथा जुनी आहे. रशियन नृत्यरचनाकार फोकीनने १९०९ मध्ये पॅरिसला सादर केलेला 'ले सिल्फीद' हा बॅले त्याच्याच रचनांवर उभा आहे. मात्र तिथे त्या रचना वाद्यवृंदासाठी बांधून घेतल्या होत्या, आणि व्हायोलिनला स्वर हवा तितका लांबवता येतो. पियानोचे तसे नाही. हातोडी तारेवर पडली की त्याच क्षणापासून स्वर विरू लागतो. वादकाला तो मध्येच फुगवता येत नाही, की मींड घेऊन, म्हणजे सलग घसरत, पुढच्या स्वरावर नेता येत नाही. या नृत्यासाठी घेतलेल्या ई मायनरमधल्या प्रील्यूडमध्ये, म्हणजे छोटेखानी पियानोरचनेत (ओपस २८, क्रमांक ४), उजवा हात सुरुवातीला बराच वेळ दोनच स्वरांभोवती घुटमळतो आणि डाव्या हाताचे कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वरसमूह) अर्ध्या अर्ध्या स्वराने खाली उतरत जातात. नर्तकीचा हात स्वर वाजताना वरच राही आणि आवाज जवळजवळ संपल्यावर आधी कोपरातून, मग मनगटातून सावकाश खाली येई. पियानोला न येणारी मींड ती अंगाने घेत होती. अशा वेळी चेहरा बोलू लागला असता, तर आपली नजर त्या हातावर ठरली नसती. म्हणून तो कोरा ठेवणे मला उणीव वाटत नाही.

रचनेच्या अखेरीस एक विराम आहे आणि त्यानंतर तीन कॉर्ड येतात. त्या विरामातच काही रसिकांनी टाळ्या सुरू केल्या (तिहाई, म्हणजे तीनदा येऊन समेवर संपणारा तुकडा, संपली की दाद द्यायची, ही आपली सवय), तरी नर्तकी तसूभरही हलली नाही.

राहता राहिली पेटी. भाता चालू आहे तोवर पेटीचा स्वर तसाच टिकून राहतो, आणि स्वर विरतच नसेल तर त्याच्यामागे रेंगाळणाऱ्या हाताला काही कामच उरत नाही. रागाला माझा विरोध नाही; थोर गायक अल्लादिया खाँसाहेबांच्या कोल्हापुरात तो कोण करील? परंतु सरोद किंवा सतार घेतली, तर स्वर विरेल खरा, पण मींडही वाद्यच घेईल, आणि नर्तकीला आपले काम नव्याने शोधावे लागेल. असा प्रयोग कोणी बसवला, तर तो पाहायला मी अवश्य येईन.