चौदा जणांची एकच आजी

द्वितीय वर्ष कलाच्या ६२ मुलांच्या इंग्रजीच्या असाइनमेंट शनिवारी रात्री तपासायला घेतल्या आणि साडेअकराच्या सुमारास माझ्या लक्षात आले, की त्यांतल्या १४ जणांची आजी एकच आहे. ही आजी पहाटे पाचला उठते, रेडिओ लावते, घड्याळाकडे बघून ‘टायम झाला’ म्हणते आणि चौदाही घरांत त्याच एका वाक्यात नातवंडाच्या डोक्यावरून हात फिरवते. ती ‘रिपॉझिटरी ऑफ विज्डम’ आहे आणि तिच्या बोलण्यात ‘रिच टॅपेस्ट्री ऑफ अवर कल्चर’ दिसते. दुसऱ्या पानावर ती नातवंडाला भाषेविषयी काहीतरी सांगू लागते, पण ते वाक्य ‘लँग्वेज इज’ इथेच तुटते आणि पुढचा परिच्छेद सुरू होतो. मूळ कागदाची झेरॉक्स तिरकी लागली असणार आणि ओळीचा शेवट कापला गेला असणार. तो शेवटचा शब्द कोणता असेल, असा प्रश्न १४ पैकी एकालाही पडला नाही. १४ वेगवेगळ्या हस्ताक्षरांत, निळ्या-काळ्या शाईत, समास आखून, ते अर्धे वाक्य तसेच्या तसे उतरवले गेले आहे.

या असाइनमेंटचा प्रश्न मी यंदा मुद्दाम बदलून घेतला होता आणि त्यासाठी विभागाच्या बैठकीत वाद घातला होता, म्हणून हे मला जास्त लागले. गेली सात वर्षे ठरावीक कवितेचा आशय आणि ठरावीक लेखकाची वैशिष्ट्ये यांवरच आम्ही असाइनमेंट देत आलो, आणि मुले गाइडमधून उतरवून आणत आली. यंदा मी फळ्यावर लिहिले होते: तुमच्या घरात रोज बोलला जाणारा, पण इंग्रज माणसाला ज्याचा अर्थ कळणार नाही असा एक इंग्रजी शब्द निवडा, तो कोण, कधी, कशासाठी वापरतो हे घरातल्या मोठ्या माणसाला विचारा आणि इंग्रजीत दीड पान लिहा, व्याकरणाच्या चुकांचे गुण कापले जाणार नाहीत. उदाहरण म्हणून मी ‘लाईट गेली’ घेतले. वर्ग एकदम जागा झाला. एकाने ‘मोटर’ सांगितले, कारण त्याच्या घरी मोटर म्हणजे गाडी नव्हे, विहिरीवरचा पंप. मागच्या बाकावरून ‘टेन्शन’ आले, ‘डीपी’ आले, म्हणजे गावाला वीज देणारा ट्रान्सफॉर्मर. नऊ वर्षांत इतका बोलका तास मला आठवत नाही. त्या दिवशी मी हरखून घरी गेले होते.

सोमवारी सकाळी पहिल्या तासाच्या आधी मी कॉलेजच्या गेटसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात गेले. काउंटरवर रबर लावलेले गठ्ठे होते आणि प्रत्येकावर स्केचपेनने वर्ग आणि विषय लिहिलेला होता. एफवायचा इतिहास, एसवायचे अर्थशास्त्र, टीवायचे राज्यशास्त्र आणि त्यांच्याच ओळीत माझा प्रश्न, ४० रुपये. मी आवाज चढवला. रांगेतली मुले मागे सरकली. दुकानदाराने मात्र हातातले मशीन थांबवले नाही. कुणीतरी त्याला फळ्याचा फोटो पाठवला होता, त्याने तो मोबाईलवर चॅटजीपीटीला टाकला आणि दोन मिनिटांत आलेला मजकूर छापून ठेवला. हे त्याने काहीही न लपवता सांगितले. आणि मग अगदी साधेपणाने, जराही उर्मट न होता, त्याने मला विचारले, “पण मॅडम, हे कुणी वाचतं होय?”

दोन दिवस झाले, ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. त्याने चेष्टेने विचारले असते तर मी त्याला आणखी चार शब्द सुनावून निघून आले असते. त्याला खरोखरच नवल वाटले होते. गेटसमोर दुकान टाकल्यापासून त्याने हजारो असाइनमेंट छापल्या असतील, आणि त्या वाचणारे कुणी असते ही शंकाही त्याच्या मनाला कधी शिवली नाही. त्याला दोष तरी कोणत्या तोंडाने द्यायचा? शंभरांतले तीस गुण ज्या अंतर्गत मूल्यमापनाला दिले आहेत, त्यातले लेखन आम्ही मुलांना परत करत नाही. त्यावर शेरा लिहीत नाही. सही, तारीख आणि गुण एवढे झाले की गठ्ठा कपाटात जातो, कपाटातून निवडक प्रती फाइलमध्ये जातात आणि फाइल कॉलेजांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या टेबलावर जाते. समिती पाने मोजते, सही आहे ना हे पाहते आणि पुढची फाइल मागते. मुलाने दीड पानात काय लिहिले हा प्रश्न त्या सगळ्या प्रवासात कुठेच विचारला जात नाही, आणि मुले मूर्ख नाहीत. आपण लिहिलेले वाचले जाणार नाही हे त्यांना बारावीच्या आधीच कळलेले असते.

ते त्यांना आम्हीच शिकवलेले असते. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. म्हणजे माझ्यासमोर बसलेल्या प्रत्येक मुलाने बारा वर्षे इंग्रजी शिकलेली आहे, आणि त्या बारा वर्षांत त्याला स्वतःचे एक वाक्य कुणी मागितलेले नाही. बारावीच्या पेपरात कवितेचे रसग्रहण येते. त्यासाठी मुले एक साचा पाठ करतात: कवीने सोपी आणि ओघवती भाषा वापरली आहे, कवितेत अनुप्रास आहे, कविता मला फार आवडली. कविता कोणतीही असो, ती मुलाला फारच आवडलेली असते, आणि त्याला गुण मिळतात. असे गुण मिळवून आलेल्या मुलाला एकोणिसाव्या वर्षी मी अचानक विचारते, की तुझी आजी कोणता शब्द कसा म्हणते. तो माझ्याकडे संशयाने बघतो. यात अपेक्षित उत्तर काय, हे त्याला कळत नाही. ज्या प्रश्नाचे उत्तर फक्त त्यालाच माहीत आहे, अशा प्रश्नापुढे तो पहिल्यांदाच उभा असतो, घाबरतो आणि गेट ओलांडून समोर जातो.

‘असाइनमेंट हस्तलिखितच हवी’ हा नियमही कॉपी थांबावी म्हणूनच केलेला आहे. त्याने कॉपी थांबली नाही, फक्त मुलांच्या बोटांना घट्टे पडले. रात्र-रात्र बसून मुले न समजलेले शब्द उतरवतात. घरात बहीण असली तर भावाचीही असाइनमेंट तिच्याच अक्षरात येते. पानांना हिरव्या-लाल स्केचपेनची चौकट असते. चार पानांच्या निबंधाला प्रमाणपत्राचे पान, अनुक्रमणिका आणि ऋणनिर्देश असतो, आणि त्या ऋणनिर्देशात प्राचार्य, विभागप्रमुख, ग्रंथपाल, आई-वडील आणि मित्रपरिवार यांचे आभार मानलेले असतात. ऋणनिर्देश मला वाचवत नाही. ज्या ग्रंथालयाची पायरी मूल वर्षभर चढलेले नाही, त्याचे आभार त्याच्याकडून लिहून घेणे म्हणजे त्याला खोटे बोलायला शिकवणे आहे आणि ते आम्ही सुवाच्य अक्षरात शिकवतो. पर्यावरणाच्या प्रकल्पाचीही हीच गत आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली पर्यावरण शिक्षण सक्तीचे करण्याचा आदेश दिला, त्यातून हा विषय पदवीपर्यंत आला, आणि आमच्या मुलांच्या हातात त्याचे उरले काय, तर पुस्तकाच्या दुकानात मिळणारे धरणाचे नि जंगलाचे तक्ते चिकटवलेली फाइल. गावाबाहेरच्या ओढ्यात कुणी पाय घातलेला नसतो.

रविवारी चिडूनच मी विद्यापीठ अनुदान आयोगाची २०१८ सालची वाङ्मयचौर्यविरोधी नियमावली पुन्हा उघडली. प्रबंधात दहा टक्क्यांपर्यंत साम्य चालते, त्यापुढे पायऱ्या आहेत आणि साठ टक्क्यांच्या वर गेल्यास संशोधकाची नोंदणी रद्द होते. नियम कडक आहेत. पण हे नियम कोणत्या लेखनाला लागू आहेत हे सांगणारी व्याख्या वाचली, तर असाइनमेंट, टर्म पेपर, प्रकल्प अहवाल, निबंध आणि उत्तरपत्रिका हे सगळे तिच्यातून स्पष्ट शब्दांत वगळलेले आहे. पीएच.डी.च्या दारात पहारा बसवला आणि त्या दारापर्यंत येणारा रस्ता मोकळा सोडला. एकोणिसाव्या वर्षापर्यंत दुसऱ्याचे उतरवण्याचीच सवय लागलेल्या माणसाने पंचविसाव्या वर्षी एकदम स्वतःचे लिहावे, अशी अपेक्षा कुणी आणि कशाच्या भरवशावर केली?

तपासण्याबद्दलही बोलायला हवे. मी तासिका तत्त्वावर शिकवते. मी वर्गात उभी असते त्या तासाचे पैसे मला मिळतात, तेही कधी सहा-सहा महिन्यांनी. ६२ असाइनमेंट नीट वाचून प्रत्येकीवर चार ओळी लिहायच्या तर किमान पंधरा तास लागतात आणि ते पंधरा तास कोणत्याही बिलात बसत नाहीत. तरीही मी वाचते, कारण वाचायचे नसेल तर लिहून घेऊ नये असे माझे ठाम मत आहे. विभागप्रमुखांना मी चौदा असाइनमेंट दाखवल्या तेव्हा ते म्हणाले, “मॅडम, कशाला त्रास करून घेता? सगळ्यांना वीसच्या वर द्या आणि बुधवारपर्यंत फाइल पूर्ण करा.” बुधवारी रात्री पोर्टल बंद होणार आहे. पोर्टलवर गुणांचा रकाना आहे, शेऱ्याचा नाही.

त्या चौदा जणांत एक मुलगी आहे. तिचे नाव मी लिहिणार नाही, पण तिच्या आजीला मी ओळखते, कारण आठवडे बाजारात मी तिच्याकडूनच भाजी घेते. त्या बाईच्या तोंडी ‘कॅरेट’ हा शब्द दिवसातून शंभर वेळा येतो. टोमॅटोचे कॅरेट किती गेले, कॅरेट फुटले, कॅरेटला भाव काय मिळाला, कॅरेट परत आणले का. इंग्रजीतल्या ‘क्रेट’चे आमच्या बाजार समित्यांत कॅरेट झाले आणि वीस किलोच्या त्या प्लास्टिकच्या पेटीवर हजारो घरांचा हिशेब चालतो. इंग्रज माणसाला ‘कॅरेट’ म्हटले तर तो सोने समजेल नाहीतर गाजर. यापेक्षा सुंदर दीड पान मला कुणी दिले असते? ते त्या मुलीच्या ओसरीवर, उन्हात धुऊन उपडे टाकलेले पडले होते. तिला फक्त आजीपाशी बसायचे होते. ते सोडून तिने ४० रुपये देऊन रेडिओ ऐकणारी, शहाणपणाचे भांडार असलेली परकी आजी विकत आणली, कारण कॅरेट उचलणारी आजी असाइनमेंटमध्ये चालेल असे तिला वाटलेच नाही. मला राग आहे तो याचा. आपल्या घरातले बोलणे कागदावर आणण्याच्या लायकीचे नाही, हे या मुलीच्या मनावर बारा-चौदा वर्षे कुणीतरी बिंबवत आले आहे, आणि त्या कुणीतरीमध्ये इंग्रजीची शिक्षिका म्हणून मीही मोडते.

आणि एक असाइनमेंट त्या गठ्ठ्याच्या तळाशी होती. वहीचे फाडलेले पान, कडा दातेरी, ना चौकट ना ऋणनिर्देश. शब्द होता ‘डीपी’. गावातला डीपी जळाला, अकरा दिवस लाईट नव्हती, वडील रोज फोन करायचे, वर्गणी काढून टेम्पो ठरवला, नवा डीपी आला तेव्हा उसाची पाने पिवळी पडली होती. काळ चुकलेले, क्रियापदे चुकलेली. एका ठिकाणी लिहिले आहे, ‘डीपी बर्न, माय फादर नॉट स्लीप.’ या वाक्यात एकही शब्द उसना नाही. त्याने वडिलांना डीपीचा अर्थही विचारला होता, आणि शेवटी वडिलांचे उत्तर मराठीतच लिहिले होते: “डीपी म्हणजे डीपी. ती गेली की सगळं गेलं.”

हा मुलगा सोमवारी तास संपल्यावर स्टाफरूमच्या दाराशी आला. बराच वेळ नुसता उभा राहिला. मग म्हणाला, “मॅडम, सगळ्यांनी समोरून आणलीय. मी आपली स्वतःच लिहिली. चालेल ना?”

परवानगी मागत होता तो. स्वतः लिहिल्याबद्दल त्याच्या चेहऱ्यावर अपराधी भाव होता, आपले काम कमी दर्जाचे आहे ही खात्री होती आणि पुन्हा लिहून आणायची तयारीही होती. मी त्याला आत बोलावले, खुर्ची दिली, त्याचे पान काढले आणि त्याच्यासमोर बसून प्रत्येक वाक्य मोठ्याने वाचले. काळ कुठे चुकला ते दाखवले आणि मागच्या कोऱ्या बाजूवर अर्धे पान भरून लिहिले. तो ते तिथेच उभ्या-उभ्या दोनदा वाचून गेला.

गुरुवारच्या तासाला मी त्या चौदा जणांना पुढच्या बाकांवर बसवणार आहे. कागद नाही, वही नाही. घरातला एक शब्द त्यांनी तोंडी सांगायचा, आणि त्या मुलीने आजीला कॅरेटचे विचारून यायचे. फाइल विभागप्रमुखांना बुधवारीच हवी आहे. बुधवारी त्यांना ४८ असाइनमेंट मिळतील.